वॉर्डातले कागद कसे वाचायचे: पेशंटजवळ पहिल्यांदाच थांबणाऱ्यांसाठी

पेशंटजवळ थांबायची पाळी पहिल्यांदा येते तेव्हा बहुतेक जण मोबाइल काढून फाईलमधला एकेक शब्द शोधायला लागतात. तासाभरात दहा आजारांची नावं कळतात, पण सकाळी पेशंटला चहा द्यायचा की नाही हे कळलेलं नसतं. आम्हा सिस्टर लोकांना हे रोज दिसतं. म्हणून माझा सल्ला जरा वेगळा आहे. शब्दाचा अर्थ शोधण्याआधी तो कोणी कोणासाठी लिहिलाय ते बघा. फाईलमधला प्रत्येक कागद म्हणजे कोणीतरी कोणाला तरी दिलेला निरोप असतो. डॉक्टरांचा सिस्टरला, लॅबचा डॉक्टरांना, रात्रपाळीच्या सिस्टरचा सकाळपाळीच्या सिस्टरला. त्यात तुमच्यासाठी असलेले निरोप थोडेच असतात, पण ते चुकवून चालत नाही. बाकीचे नुसते ओळखता आले तरी पुष्कळ.

पहिल्याच दिवशी एक वही घ्या

पहिल्या पानावर पेशंटचं वय, वजन, जुने आजार आणि घरी चालू असलेली सगळी औषधं लिहा. औषधांची नावं आठवत नसतील तर गोळ्यांच्या पट्ट्याच पिशवीत घालून आणा, ‘बीपीची पांढरी छोटी गोळी’ एवढ्यावर कोणालाच काही कळत नाही. आयुर्वेदिक काढे, चूर्णं, दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या हेही लिहा. एखाद्या औषधाची ऍलर्जी असेल तर ती सर्वांत वर, लाल पेनाने. पेनिसिलिन आणि सल्फा ही त्यातली नेहमी ऐकू येणारी नावं. प्रत्येक नव्या डॉक्टरला आणि प्रत्येक ड्युटीच्या सिस्टरला ती तोंडानेही सांगा.

केसपेपर: डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिलेला

ऍडमिट करताना आरएमओ, म्हणजे वॉर्डात कायम हजर असणारे निवासी डॉक्टर, जे लिहितात ते मुख्य डॉक्टरांसाठी असतं, म्हणून त्यात लघुरूपांचा सुकाळ. ‘सी/ओ’च्या पुढे पेशंटची तक्रार असते: ताप, दम, पोटदुखी. ‘एच/ओ’च्या पुढे पूर्वी काय घडलं ते. ‘के/सी/ओ’ म्हणजे आधीपासून माहीत असलेला आजार, त्यामुळे ‘के/सी/ओ डीएम, एचटीएन’ असं दिसलं तर पेशंटला मधुमेह आणि उच्च रक्तदाब आहे एवढंच सांगितलेलं असतं. हे मात्र तपासून घ्या. गडबडीत मधुमेहाचा उल्लेख राहून गेला असेल तर तो लगेच लक्षात आणून द्या, कारण पुढची सलाईनसुद्धा त्यावर ठरते.

त्रिकोणाची खूण म्हणजे निदान. फ्रॅक्चरसाठी चौकटीसारखी, दोन आडव्या-दोन उभ्या रेघांची खूण करतात. निदानाच्या आधी प्रश्नचिन्ह असेल, किंवा ‘आर/ओ’ लिहिलं असेल, तर तो आजार झालाय असं नाही. तो आहे की नाही हे अजून तपासायचं आहे. ‘प्रश्नचिन्ह, डेंग्यू’ एवढं वाचून गावाकडे फोन गेलेले आणि दुसऱ्या दिवशी रिपोर्ट निगेटिव्ह आलेले खूप पाहिले आहेत. प्रश्नचिन्ह कधी निघालं हे विचारा, तोवर नातेवाइकांच्या ग्रुपवर आजाराचं नाव टाकू नका.

‘एनएडी’ म्हणजे तपासणीत काही बिघाड आढळला नाही. आणि रोजच्या राउंडनंतर ‘सीएसटी’ लिहिलेलं दिसलं तर मुंबईकरांनी गोंधळू नये, कालचेच उपचार चालू ठेवा असा तो सिस्टरला दिलेला निरोप आहे. ‘स्टॅट’ म्हणजे आत्ताच्या आत्ता.

एनबीएम: हा निरोप तुमच्यासाठीच आहे

पलंगाला एनबीएमची पाटी लागली किंवा सिस्टर म्हणाल्या ‘पेशंट एनबीएम आहे’, तर तोंडावाटे काहीही द्यायचं नाही. काही ठिकाणी यालाच एनपीओ म्हणतात. ऑपरेशनच्या वेळी भूल दिल्यावर पोटातलं अन्न उलटून श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. म्हणून साधारणपणे ऑपरेशनआधी किमान सहा तास खाणं बंद आणि दोन तास आधी साधं पाणीही बंद असतं. नेमकी वेळ भूलतज्ज्ञ ठरवतात, तीच पाळायची.

इथे घात होतो तो चहाने. ‘काही खाल्लं नाही, फक्त घोटभर चहा घेतला’ असं सांगितलं जातं, पण दूध घातलेला चहा खाण्यातच मोजतात. असं काही दिलं गेलं असेल तर लपवू नका. ऑपरेशन काही तास पुढे जाईल, एवढंच. नेहमीच्या गोळ्यांपैकी बीपीची घ्यायची का आणि साखरेची टाळायची का हे आदल्या रात्रीच विचारून ठेवा.

पोटाच्या ऑपरेशननंतर सिस्टर दर वेळी येऊन ‘गॅस गेला का?’ असं विचारतात. पेशंट लाजतो, सुना-मुली तर जास्तच. आतड्यांची हालचाल सुरू झाली की नाही हे त्यावरून कळतं आणि खाणं सुरू करायचं की नाही ते ठरतं, त्यामुळे खरं ते सांगा.

पलंगाच्या पायथ्याचा तक्ता आणि नळ्या

टीपीआर चार्टवर ताप, नाडी आणि श्वासाचा वेग असतो, सोबत बीपी आणि एसपीओटू, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन. मोठ्या माणसाची नाडी विश्रांतीत मिनिटाला ६० ते १००, श्वास १२ ते २०, बीपी १२०/८० च्या आसपास. थर्मामीटर सेल्सिअसचा आहे की फॅरनहाइटचा ते आधी बघा: ३८ सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट. ऑक्सिजन एरवी ९४ च्या वर हवा, पण सीओपीडी म्हणजे जुनाट दम्यासारखा फुप्फुसाचा आजार असलेल्या पेशंटसाठी डॉक्टर बहुधा ८८ ते ९२ इतकंच लक्ष्य ठेवतात. तिथे आकडा कमी दिसतो म्हणून ऑक्सिजनची चावी वाढवली तर पेशंटचं नुकसान होऊ शकतं. बोटाला नेलपॉलिश असेल किंवा हात गार पडले असतील तरी हा आकडा चुकतो.

‘आय/ओ’ लिहायला सांगितलं असेल तर तो मात्र पूर्ण तुमच्या हातातला कागद आहे. पोटात किती गेलं आणि लघवी किती झाली, हे एमएलमध्ये. घरून आणलेलं भांडं किती एमएलचं आहे ते आधी खुणा असलेल्या बाटलीने मोजून घ्या, मग अंदाज करायची वेळ येत नाही. ‘दिवसाला एक लिटर’ अशी मर्यादा घातली असेल तर त्यात नुसतं पाणीच नाही, तर चहा, ताक, वरणाचं पाणी, नारळपाणी, सगळं आलं. साधारणपणे ताशी दर किलो वजनामागे अर्धा एमएल लघवी तरी व्हायला हवी, म्हणजे ६० किलोच्या माणसाला तासाला ३० एमएल. त्याहून कमी होत असेल तर राउंडची वाट न बघता सिस्टरला सांगा. लघवीची पिशवी रिकामी करायला वॉर्डातले मामा किंवा मावशी (मदतनीस) आल्या की आधी आकडा बघून लिहा, मग ओतू द्या. आणि ती पिशवी कायम पलंगाच्या खालच्या पातळीवर. पेशंटला हलवताना ती पोटावर ठेवली की लघवी उलटी आत जाते.

लघवीच्या नळीला फोलीज, नाकातून पोटात जाणाऱ्या नळीला रायल्स ट्यूब, हातावरच्या सुईला इंट्राकॅथ किंवा नुसतं ‘व्हेन’ म्हणतात. ‘आयव्ही’ शिरेतून, ‘आयएम’ स्नायूत, ‘एससी’ कातडीखाली.

सलाईनच्या बाटलीवर एनएस, आरएल किंवा डीएनएस लिहिलेलं असतं. एनएस मिठाचं पाणी, आरएलमध्ये इतर क्षार, डीएनएसमध्ये मीठ आणि साखर दोन्ही. ‘ताकदीची एक बाटली लावा ना’ असा आग्रह धरणाऱ्यांसाठी सांगते, पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरमध्ये २५ ग्रॅम साखर असते, बाकी पाणी. बाटलीला हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवली असेल तर आत दुसरं औषध मिसळलेलं आहे. त्यात केसीएल म्हणजे पोटॅशियम असेल आणि कोणी लवकर संपावी म्हणून चाक फिरवून वेग वाढवला तर हृदय बंद पडू शकतं. सलाईनच्या चाकाला हात लावायचा नाही, बास.

रिपोर्ट: लॅबने डॉक्टरांना लिहिलेला

रिपोर्टमध्ये ठळक छापलेला प्रत्येक आकडा म्हणजे संकट नव्हे. शेजारी त्या लॅबची सामान्य मर्यादा दिलेली असते, आधी ती बघा, मग मागच्या रिपोर्टशी ताडून बघा. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा आकडा, काल २.८ आणि आज २.१ असेल तर दोन्ही आकडे ठळकच छापून येतात, पण किडनी सुधारते आहे.

डेंग्यूच्या दिवसांत ‘पांढऱ्या पेशी कमी झाल्या’ असं सर्रास म्हणतात आणि त्यांना प्लेटलेट्स म्हणायचं असतं. पांढऱ्या पेशी वेगळ्या, प्लेटलेट्स वेगळ्या. रक्त गोठायला मदत करतात त्या प्लेटलेट्स, साधारण दीड ते साडेचार लाख. काही लॅब हा आकडा हजारात छापतात, त्यामुळे एका रिपोर्टवर ‘१.२ लाख’ आणि दुसऱ्यावर ‘१२०’ दिसलं तर ते एकच आहे. फोनवरून आकडा सांगताना एकक सांगा, नाहीतर पलीकडचा माणूस रक्तपेढीकडे धावतो.

साखरेच्या चाचणीला आपल्याकडे बीएसएल म्हणतात. ‘एफ’ उपाशीपोटी, ‘पीपी’ जेवण सुरू केल्यापासून दोन तासांनी, ‘आर’ कधीही. एचबीए१सी मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी दाखवते, ६.५ किंवा जास्त असेल तर मधुमेह धरतात. कालची जिलेबी तिच्यातून शोधू नका.

टू डी एको, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीमधल्या, ‘ईएफ’ने जितकी घबराट होते तितकी क्वचित कशाने होत असेल. ‘ईएफ ६० टक्के’ वाचून लोक समजतात की हृदय ४० टक्के निकामी झालं. निरोगी हृदयसुद्धा एका ठोक्याला आतलं सगळं रक्त बाहेर टाकत नाही. साधारण ५५ ते ७० टक्के टाकतं. ६० म्हणजे उत्तम. काळजी ४० च्या खाली गेल्यावर.

सोनोग्राफी, सीटी, एमआरआय यांच्या रिपोर्टमध्ये शेवटी ‘इम्प्रेशन’ असतं, वाचायचं तर तेच आधी वाचा. त्यात ‘लेझन’ किंवा ‘मास’ असेल तर तिथे काहीतरी वेगळं दिसतंय एवढंच रेडिओलॉजिस्टने म्हटलेलं असतं. ते काय आहे हे बहुतेकदा बायोप्सीनंतर, म्हणजे तिथला छोटा तुकडा काढून तपासल्यावर, ठरतं. बायोप्सीत ‘बिनाइन’ म्हणजे कर्करोग नाही, ‘मॅलिग्नंट’ म्हणजे आहे.

बोलताना फसवणारे शब्द

‘हार्ट फेल झालं’ असं आपण माणूस गेला तेव्हा म्हणतो. डॉक्टर हार्ट फेल्युअर म्हणतात तेव्हा हृदयाची रक्त ढकलायची ताकद कमी पडते आहे असा अर्थ असतो, आणि औषधं, मिठावर नियंत्रण, नियमित तपासणी यांवर असे पेशंट अनेक वर्षं काढतात. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी बंद होणं. कार्डिऍक अरेस्ट म्हणजे हृदय थांबणं. या तीन गोष्टींची सरमिसळ होऊन दारात रडारड सुरू होते, आणि आत पेशंट शुद्धीवर बसून पाणी मागत असतो.

‘क्रॉनिक’ हा शब्द ‘फार गंभीर’ या अर्थाने ऐकला जातो. त्याचा अर्थ फक्त दीर्घकाळचा. ‘अक्यूट’ म्हणजे अचानक झालेला. उलट्या-जुलाबांनी पाणी कमी होऊन किडनीला बसलेला अक्यूट धक्का पुष्कळदा भरून निघतो, क्रॉनिक आजारात मात्र आहे ती किडनी जपायची असते. म्हणून ‘किडनीचा त्रास आहे’ एवढ्यावर थांबू नका, दोन्हींपैकी कोणता ते विचारा.

‘हायपो’ कमी, ‘हायपर’ जास्त. फोनवर दोन्ही सारखेच ऐकू येतात आणि थायरॉइडच्या बाबतीत उपचार अगदी उलटे असतात, तेव्हा ‘कमी झालाय की वाढलाय’ असंच विचारलेलं बरं. शब्दाच्या शेवटी ‘आयटिस’ आलं तर दाह किंवा सूज, ‘एक्टमी’ आलं तर तो अवयव काढणं, ‘स्कोपी’ आलं तर दुर्बिणीने बघणं. एवढ्या तीन शेपट्यांवर बरीच मोठी नावं उलगडतात.

आयसीयूबाहेर ‘स्टेबल आहे’ हे ऐकून पेढे आणू नयेत. त्या घडीला नाडी, बीपी, श्वास टिकून आहेत, एवढाच त्याचा अर्थ. औषधावर टिकून आहेत की आपोआप, हा पुढचा प्रश्न तुम्ही विचारायचा.

औषधाची चिठ्ठी: इथे घाई नको

डॉक्टरांनी औषधाचं जेनेरिक नाव (कंपनीच्या ब्रँडचं नव्हे, मूळ औषधाचं), वाचता येईल अशा आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं, असा नियम वैद्यक परिषदेच्या नियमावलीत २०१६ मध्ये घातला गेला. सगळीकडे तसं होतंच असं नाही. त्यामुळे खुणा पाठ असू द्या:

ओडी – दिवसातून एकदा
बीडी – दोनदा
टीडीएस – तीनदा
क्यूआयडी – चारदा
एचएस – रात्री झोपताना
एसी, पीसी – जेवणाआधी, जेवणानंतर
बीबीएफ – सकाळच्या नाश्त्याआधी
एसओएस – त्रास झाला तरच

१-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. एसओएसच्या गोळीबाबत ‘त्रास म्हणजे नेमका किती, आणि दोन गोळ्यांमध्ये किती तासांचं अंतर’ हे विचारल्याशिवाय घरी जाऊ नका.

काही चुका महागात पडतात. संधिवातासाठी दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट बहुतेक वेळा आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. ते रोज घेतलं गेल्याने माणसं दगावली आहेत. चिठ्ठीवर वार लिहून घ्या आणि कॅलेंडरवर त्या वाराला गोल करा.

इन्सुलिनचं दुसरं. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन बहुधा ४० युनिट प्रति एमएल असतं आणि पेनमधलं १००. सिरिंजही तशाच दोन, ४० ची लाल टोपीची, १०० ची नारिंगी. पेनच्या कार्ट्रिजमधलं १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने काढलं तर दहाच्या खुणेला प्रत्यक्षात २५ युनिट जातात, आणि साखर झपाट्याने कोसळते. दरदरून घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं आणि मीटरवर ७० च्या खाली आकडा आला तर पेशंट शुद्धीवर असेल तरच साखरपाणी द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

लहान मुलांच्या पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स हे सिरपपेक्षा सौम्य असतात असा समज आहे. खरं उलटं आहे. ड्रॉप्समध्ये सहसा एका एमएलला १०० मिलिग्रॅम असतं, तर १२५ च्या सिरपमध्ये एका एमएलला २५. ड्रॉप्स चमच्याने दिले तर चौपट औषध जाईल. आणि घरातला चमचा मापाचा नसतोच, बाटलीबरोबर आलेलं मापच वापरा.

ब्रँडच्या नावामागे ‘एसआर’, ‘ईआर’ किंवा ‘एक्सएल’ असेल तर ती गोळी हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते. रायल्स ट्यूबमधून द्यायची म्हणून ती कुटायची नाही, पर्याय विचारायचा. वेगवेगळ्या नावांच्या दोन पट्ट्यांमध्ये एकच औषध असणं हेही नेहमीचं आहे. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल असतं आणि तापाच्या गोळीतही. पट्टीच्या मागचं बारीक अक्षर त्यासाठी वाचायचं.

राउंडला काय बोलायचं

डॉक्टरांकडे तुमच्या पेशंटसाठी दोन-तीन मिनिटं असतात. सगळ्या नातेवाइकांनी मिळून नको, एकानेच बोलावं. ‘रात्री बरं नव्हतं’ याऐवजी ‘दोन वाजता १०२ ताप, एक उलटी, लघवी रात्रभरात २०० एमएल’ असं वहीतून वाचून दाखवलं तर डॉक्टर थांबून ऐकतात. मग विचारा: आज निदान पक्कं आहे का, आज नवीन काय सुरू किंवा बंद केलं, आणि कशावर लक्ष ठेवू? उत्तर आलं की ते तुमच्या शब्दांत परत म्हणून दाखवा: ‘म्हणजे बीपीची गोळी आजपासून बंद, उद्या रक्त तपासून ठरवायचं, बरोबर?’ संकोच वाटतो हे खरं, पण गैरसमज तिथल्या तिथे उघडा पडतो. डॉक्टर घाईत असतील तर आरएमओंना किंवा आम्हाला विचारा. ड्युटी बदलताना विचारू नका मात्र, त्या अर्ध्या तासात आम्ही एकमेकींना पेशंट समजावून देत असतो.

डिस्चार्ज कार्ड

हे कार्ड दोघांसाठी असतं, तुमच्यासाठी आणि पुढच्या डॉक्टरांसाठी. घरी जायच्या घाईत ते न वाचताच पिशवीत जातं. बिल होत असताना बसून वाचा. निदानापुढचं प्रश्नचिन्ह निघालं आहे का? घरच्या जुन्या गोळ्यांपैकी कोणत्या चालू, कोणत्या बंद? हे बहुतेक कार्डांवर स्पष्ट नसतं, म्हणून पट्ट्या समोर ठेवून विचारा आणि बंद केलेल्या तिथेच वेगळ्या काढा. टाके कधी काढायचे, फॉलोअपला कोणता रिपोर्ट आणायचा, आणि काय झालं तर तारखेची वाट न बघता यायचं, हेही त्यावर लिहून घ्या. बायोप्सी किंवा कल्चरचा (कोणते जंतू आहेत ते वाढवून बघण्याच्या तपासणीचा) रिपोर्ट यायचा बाकी असेल तर तो कोण आणणार आणि कुठून, हे ठरवूनच निघा.

डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेत असाल तर कार्डावर ‘डामा’ किंवा ‘लामा’ लिहिलं जातं आणि सही घेतली जाते. विम्याच्या क्लेमला त्याने अडचण येऊ शकते, सही करण्याआधी विमा कंपनीला विचारून घ्या.

पुढे दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं झालं तर नुसतं कार्ड पुरत नाही, आतले कागदही लागतात. पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने लेखी अर्ज केला की ७२ तासांच्या आत नोंदी द्यायला हव्यात, आणि ऍडमिट पेशंटच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपून ठेवायला हव्यात, असं वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच आणि तारीख घ्या, आणि एक्स-रे, सीटीच्या फिल्म किंवा सीडी वेगळ्या मागा, कारण फाईलच्या झेरॉक्समध्ये त्या येत नाहीत.